न घडलेल्या जखमेचे भाकीत
प्रत्यारोपणाच्या रुग्णाला शय्याव्रणाचा धोका किती, हे आधी कसे ओळखतात?

अवयव-प्रत्यारोपण हा विषय आता आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना परका राहिलेला नाही. १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इव्हान्जेलियम व्हीटे’ या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानाची गणना रोजच्या जीवनातील वीरवृत्तीमध्ये केली. पुढे २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे भरलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी याच दानाचा प्रेमाची कृती म्हणून गौरव केला. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवून मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण करणारे डॉ. जोसेफ मरे हे श्रद्धावंत कॅथोलिक होते. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६३ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हर येथे मानवी यकृताच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला आणि १९६७ पासून अशा रुग्णांना वर्षापेक्षा अधिक आयुष्य लाभू लागले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९७१ साली मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी करून दाखविले.

हा सारा इतिहास शल्यविशारदांचा आणि दात्यांचा आहे. तो अभिमानाने सांगितला जातो व तसा तो सांगितलाही पाहिजे. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली, नवे यकृत काम करू लागले, तपासण्यांचे अहवाल सुधारू लागले आणि अशा वेळी चौथ्या दिवशी रुग्णाला कुशीवर वळविताना त्याच्या कमरेखाली जांभळा डाग आढळला, तर? ही घटना वर्तमानपत्रात येत नाही. नातेवाइकांना तिचा अर्थ कळत नाही. त्या रुग्णासाठी मात्र तो डाग म्हणजे रुग्णालयातील आणखी काही आठवडे, जंतुसंसर्गाची टांगती तलवार आणि कधी कधी प्राणांशी गाठ असते. हा डाग पडण्यापूर्वीच त्याचा अंदाज बांधता येईल काय, या प्रश्नावर परिचर्याशास्त्र गेली अनेक वर्षे विचार करीत आहे. तो विचार समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

शय्याव्रण म्हणजे नेमके काय?

मराठीत ज्याला आपण शय्याव्रण म्हणतो आणि घरोघरी ज्याला ‘बेडसोअर’ म्हटले जाते, ती जखम अंथरुणामुळे होत नाही, ती दाबामुळे होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा, चरबी व स्नायू चेपले जातात. त्यांतून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. रक्त थांबले की प्राणवायू थांबतो आणि पेशी मरू लागतात. निरोगी माणसाला झोपेतही ही कळ जाणवते व तो नकळत कूस बदलतो. ज्याला कळ जाणवत नाही किंवा जाणवूनही हलता येत नाही, त्याच्या शरीराचे हे उपजत संरक्षणच हरपलेले असते.

दाबाच्या जोडीला आणखी एक शत्रू असतो. पलंगाचे डोके उंच केले की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. त्याची त्वचा चादरीला चिकटून राहते, आतील हाड मात्र पुढे सरकते. या ओढाताणीत रक्तवाहिन्या पिळल्या जातात. घाम, मलमूत्र व ओलावा यांनी त्वचा मऊ पडलेली असेल तर ती आणखी लवकर हार मानते. उताणे झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत डोक्याची मागील बाजू, खांदे, कोपरे, माकडहाडाच्या वरचा भाग आणि टाचा या जागा विशेष धोक्याच्या असतात. नाकातील नळी, प्राणवायूचा मुखवटा यांसारखी साधनेही आपापल्या जागी दाब देऊन जखम करू शकतात.

या जखमा पृष्ठभागावर सुरू होऊन आत जातात, अशी पूर्वी समजूत होती. आता हे ध्यानात आले आहे की अनेकदा इजा हाडालगतच्या स्नायूत प्रथम होते आणि वरची कातडी अखंड दिसत राहते. म्हणूनच या विषयातील अमेरिकेच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने एप्रिल २०१६ मध्ये ‘प्रेशर अल्सर’ हा जुना शब्द बाजूस ठेवून ‘प्रेशर इंज्युरी’, म्हणजे दाबजन्य इजा, हा शब्द स्वीकारला. व्रण दिसत नसला तरी इजा झालेली असू शकते, हे त्या शब्दबदलाचे मर्म आहे.

प्रत्यारोपणाचा रुग्ण अधिक धोक्यात का?

उदाहरणादाखल आपण यकृताचा रुग्ण घेऊ. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते. यकृत निकामी झाले की अल्ब्युमिन घटते, अंगावर सूज येते व पोटात पाणी साचून जलोदर होतो. सुजलेल्या त्वचेला रक्तपुरवठा धड होत नाही. दुसरीकडे हातापायांचे व पाठीचे स्नायू झिजतात, हाडे वर येतात. पोट जड आणि पाठ अस्थिमय अशी विचित्र अवस्था होते. काही रुग्णांना रक्तातील विषारी द्रव्यांमुळे गुंगी येते, तेव्हा कळ जाणवणे मंदावते. त्या गुंगीवर जे लॅक्ट्युलोज औषध देतात त्याने वारंवार पातळ शौचास होते आणि त्वचा ओली राहते. म्हणजे आजाराबरोबर त्यावरील आवश्यक उपचारही त्वचेची परीक्षा पाहतात.

नंतर शस्त्रक्रियेचा दिवस उजाडतो. यकृत-प्रत्यारोपणाला सर्वसाधारणपणे सहा ते बारा तास लागतात, कधी त्याहूनही अधिक. एवढा वेळ रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत एकाच स्थितीत उताणा पडून असतो. त्याचे पोट उघडे असल्याने त्याला कुशीवर वळविण्याचा प्रश्नच येत नाही. जुने यकृत काढताना मोठ्या रक्तवाहिन्या काही काळ बंद कराव्या लागतात. नवे यकृत जोडून रक्तप्रवाह सुरू करताच रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो. बर्फाइतके थंड ठेवलेले ते यकृत पोटात बसविल्याने शरीराचे तापमानही घसरते. रक्तदाब टिकविण्यासाठी नॉरॲड्रिनॅलिनसारखी औषधे द्यावी लागतात. ही औषधे हृदय व मेंदू यांचे रक्षण करतात, परंतु त्यासाठी ती त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळून घेतात. जीव वाचविण्यासाठी शरीर जणू पाठीचे व टाचांचे रक्त उसने घेते.

शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात नळ्या, श्वासयंत्र, वेदना आणि अशक्तपणा यांनी रुग्ण जखडलेला असतो. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होतात. त्यांतील स्टिरॉइडमुळे जखम भरणे मंदावते. सिरोलिमस नावाच्या औषधाचा जखम भरण्यावर इतका विपरीत परिणाम होतो की शस्त्रक्रियेनंतर लगेच ते सुरू करणे सामान्यतः टाळले जाते. अशा रुग्णाची कातडी एकदा फाटली की जंतूंना दार मोकळे होते आणि पहारेकऱ्यांना तर आपणच झोपविलेले असते.

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. तथापि या रुग्णांपैकी अनेकांना दीर्घकाळचा मधुमेह असतो आणि त्यामुळे पायांची संवेदना बोथट झालेली असते. त्यांच्या टाचांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आपल्या यकृताचा भाग देणारा जिवंत दाताही काही तास त्याच मेजावर निश्चल पडलेला असतो. तो निरोगी असल्याने त्याचा धोका कमी असतो, पण आनंदाच्या गडबडीत त्याची पाठ पाहायचे विसरून चालत नाही.

धोका मोजण्याची पट्टी

एकेकाळी शय्याव्रण हे अटळ मानले जाई. एकोणिसाव्या शतकातील काही मोठ्या वैद्यांचा असा समज होता की मज्जासंस्थेच्या आजारात ते होणारच. १८५९ साली परिचर्येवरील आपल्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी याच्या उलट मत मांडले. शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे जात नसून शुश्रूषेकडे जातो, असे त्यांचे म्हणणे होते. १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळविण्याची शिस्त लावली. जे मरणारच असे गृहीत धरले जाई, ते सैनिक जगू लागले. जखम टाळता येते हे सिद्ध झाले. मग पुढचा प्रश्न आला. प्रत्येक रुग्णाकडे सारखेच लक्ष देण्याइतके मनुष्यबळ नसेल, तर अधिक धोका कोणाला आहे हे कसे ओळखावे?

इंग्लंडमधील डोरीन नॉर्टन या परिचारिकेने १९६२ साली वृद्ध रुग्णांसाठी पाच मुद्द्यांची पट्टी तयार केली. त्यानंतर अमेरिकेत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी तयार केलेली पट्टी १९८७ साली शोधनिबंधातून पुढे आली आणि जगभर पसरली. ब्रेडनबाई ओमाहा येथील क्रायटन या येशूसंघीय विद्यापीठात अध्यापन करीत असत, ही गोष्ट आपल्या वाचकांना समाधान देईल.

ब्रेडन पट्टीत सहा मुद्दे आहेत : संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल, आहार आणि घर्षण व ओढाताण. पहिल्या पाच मुद्द्यांना १ ते ४ व शेवटच्या मुद्द्याला १ ते ३ गुण देतात. एकूण गुण ६ ते २३ या दरम्यान येतात. गुण जितके कमी तितका धोका जास्त. साधारणतः १८ किंवा त्याहून कमी गुण आले की रुग्ण धोक्यात आहे असे मानतात. ९ किंवा त्याखालील गुण म्हणजे अतिशय मोठा धोका. ही पट्टी वापरण्यास ना यंत्र लागते ना रक्ततपासणी. परिचारिकेचे डोळे, हात आणि काही मिनिटे पुरतात.

पट्टी कोठे तोकडी पडते?

आता ही पट्टी आपल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णाला लावून पाहू. शस्त्रक्रियेच्या सकाळी मूत्रपिंडाचा एखादा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. तो बोलतो, खातो, कूस बदलतो. त्याचे गुण चांगले येतात आणि कागदावर तो सुरक्षित ठरतो. पुढे तासाभरात त्याला भूल दिली जाते. त्या क्षणी त्याची संवेदना नाही, हालचाल नाही, हिंडणे-फिरणे नाही. गुण एकदम कोसळतात. परंतु ते भूल दिलेल्या प्रत्येकाचेच कोसळतात. ज्याची शस्त्रक्रिया दोन तासांची आहे त्याचे आणि ज्याची बारा तासांची आहे त्याचेही. जी पट्टी सकाळी सर्वांना सुरक्षित म्हणते आणि दुपारी सर्वांना असुरक्षित म्हणते, ती माणसामाणसांत भेद करू शकत नाही. आणि भाकिताचे काम तर नेमके तेच असते.

शिवाय रक्तदाब किती वेळ खाली होता, नॉरॲड्रिनॅलिन किती द्यावे लागले, रक्तस्राव किती झाला, अंग किती गार पडले, यांपैकी एकही प्रश्न ब्रेडन पट्टी विचारत नाही. हा तिचा दोष म्हणता येणार नाही, कारण ती शस्त्रक्रियागृहासाठी घडविलेली नव्हती. ही उणीव ओळखून अमेरिकेतील कॅसेन्ड्रा मन्रो या परिचारिकेने शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी वेगळी पट्टी तयार केली. तिच्यात शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेदरम्यान आणि शस्त्रक्रियेनंतर असे तीन टप्पे असून प्रत्येक टप्प्याचे गुण पुढच्या टप्प्यात मिळविले जातात. वय, वजनातील घट व जुने आजार पहिल्या टप्प्यात, भुलेचा प्रकार, शरीराचे तापमान, रक्तदाबाची घसरण व रुग्णाची स्थिती दुसऱ्या टप्प्यात, तर एकूण लागलेला वेळ व रक्तस्राव तिसऱ्या टप्प्यात मोजले जातात. येथे धोका स्थिर धरलेला नाही, तो दिवसभर वाढत जाणारा आहे, हा विचार मोलाचा होय.

त्यात एक न्यायाचा मुद्दाही दडलेला आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर स्नायूत खोल झालेली इजा कातडीवर उमटायला अनेकदा दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्ण अतिदक्षता विभागात किंवा वॉर्डात गेलेला असतो. डाग तिथे दिसतो, म्हणून बोलणी तिथल्या परिचारिकेला खावी लागतात. तीन टप्प्यांची नोंद असेल तर इजा कोठे सुरू झाली असावी याचा प्रामाणिक शोध घेता येतो आणि नातेवाइकांचा राग नाहक कोणावर निघत नाही.

संगणकाचे भाकीत आणि साधे गणित

अलीकडील वर्षांत संशोधक याच्याही पुढे गेले आहेत. प्रत्यारोपण झालेल्या शेकडो रुग्णांच्या जुन्या नोंदी संगणकाला देऊन, कोणाला जखम झाली व कोणाला नाही, त्यांच्यात काय वेगळे होते, हे तो शोधून काढतो. त्यातून एक सूत्र तयार होते. नव्या रुग्णाची माहिती त्यात भरली की त्याच्या धोक्याची टक्केवारी मिळते. अशा सूत्राची पारख कशी करतात? समजा, जखम झालेला एक रुग्ण आणि न झालेला एक रुग्ण असे दोघे चिठ्ठी टाकून निवडले. किती वेळा सूत्र पहिल्याला जास्त धोका दाखविते? निम्म्या वेळा दाखवीत असेल तर ते नाणेफेकीच्या लायकीचे. प्रत्येक वेळी दाखवीत असेल तर परिपूर्ण. खरी सूत्रे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

परंतु चांगले सूत्रही किती चुकते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा १०० रुग्णांपैकी १० जणांना जखम होणार आहे. आपले सूत्र त्या १० पैकी ८ जणांना बरोबर ओळखते. उरलेल्या ९० पैकी ६३ जणांना ते सुरक्षित म्हणते आणि २७ जणांना उगाच धोक्यात धरते. म्हणजे एकूण ३५ जणांच्या खाटेवर धोक्याची खूण लागली, त्यांत खरे धोक्यातील फक्त ८. आणि ज्या ६५ जणांना निर्धास्त ठेवले त्यांत २ जण असे की त्यांना जखम झालीच. त्या २७ जणांना विनाकारण जास्त काळजी मिळाली, त्यात फारसे नुकसान नाही. त्या २ जणांचे मात्र खरे नुकसान झाले, कारण आकड्यावर विसंबून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. एका केंद्रात यकृत-प्रत्यारोपणे मर्यादित होतात आणि त्यांतील जखमा झालेले रुग्ण त्याहून कमी. थोड्या उदाहरणांवरून पुष्कळ निष्कर्ष काढले की सूत्र जुन्या रुग्णांना चपखल बसते व नव्या रुग्णांपुढे अडखळते. दुसरे असे की ज्या रुग्णालयात गाद्या चांगल्या आणि परिचारिका पुरेशा आहेत तेथे घडलेले सूत्र, जेथे एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार आहे तेथे तसेच्या तसे लागू पडेल याची शाश्वती नसते. म्हणून कोणतेही सूत्र ज्या ठिकाणी वापरायचे तेथे आधी तपासून घ्यावे लागते.

२०१९ साली कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. केवळ गुणांची पट्टी वापरल्याने, अनुभवी परिचारिकेच्या निर्णयाच्या तुलनेत, जखमा कमी होतात असा स्पष्ट पुरावा त्या आढाव्यात मिळाला नाही. याचा अर्थ पट्ट्या निरुपयोगी आहेत असा नव्हे. कागदावर आकडा लिहिल्याने कोणाची पाठ वाचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. आकड्यानंतर हात हलला पाहिजे.

योना संदेष्ट्याची अडचण

या भाकितशास्त्रात एक विलक्षण कोडे आहे. परिचारिकेने रुग्णाचा धोका मोठा असल्याचे ओळखले. तिने त्याला वेळेवर वळविले, टाचा अधांतरी ठेवल्या, त्वचा कोरडी राखली. जखम झाली नाही. आता नोंदवहीत काय दिसते? ‘धोका मोठा, जखम नाही.’ नुसती नोंदवही वाचणाऱ्याला वाटेल की भाकीत चुकले. भाकीत खरे होते म्हणूनच ते खोटे ठरले!

बायबल वाचणाऱ्याला हे कोडे अपरिचित नाही. योना संदेष्टा निनवे नगरात गेला आणि चाळीस दिवसांनी या नगराचा नाश होणार, असे त्याने जाहीर केले. राजापासून रंकापर्यंत सर्वांनी पश्चात्ताप केला, गोणपाट नेसले, आणि नाश टळला. योना मात्र रुसून बसला, कारण त्याचे भाकीत फसले असे त्याला वाटले. परमेश्वराला आपल्या संदेष्ट्याची प्रतिष्ठा राखण्यापेक्षा त्या नगरातील अजाण माणसांचा आणि मुक्या जनावरांचा जीव प्यारा होता, हे त्याला उमजायला वेळ लागला.

वैद्यकातील भाकितालाही हीच कसोटी लागू होते. खरे ठरावे म्हणून ते केलेले नसते. ते खोटे पाडण्याची संधी मिळावी म्हणून केलेले असते. जे रुग्णालय धोक्याचा आकडा केवळ फायलीत जपून ठेवते, ते निनवेत हाक देऊन स्वस्थ बसणाऱ्या योनासारखे आहे. आणि जी परिचारिका तो आकडा वाचून मध्यरात्री रुग्णाच्या खांद्याखाली हात घालते, तिचे यश कधीच मोजले जात नाही, कारण न घडलेल्या जखमेचे छायाचित्र काढता येत नाही. आपल्या अनेक धर्मभगिनींनी आणि आपल्या घरांतून गेलेल्या कितीतरी मुलींनी असे अदृश्य यश आयुष्यभर मिळविले आहे. त्यांची दखल घेणे हे आपले कर्तव्य आहे.

नातेवाइकांनी काय जाणावे?

शस्त्रक्रियागृहात आपल्याला जाता येत नाही. तरी त्याच्या आधी व नंतर कुटुंबीयांच्या हाती बरेच काही असते.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला आधीची जखम, पायांचा बधिरपणा, वजनातील घट, त्वचेचा आजार असेल तर तो आपणहून सांगावा. धोका किती आहे व त्यासाठी काय योजना आहे, असे नम्रपणे विचारावे. माकडहाडाच्या भागावर व टाचांवर आधीच मऊ सिलिकॉन फोमची पट्टी लावणे, दाब विभागणारी गादी वापरणे, हे उपाय अनेक ठिकाणी उपलब्ध असतात.

शस्त्रक्रियेनंतर ‘त्याला हलवू नका, टाके तुटतील’ असे म्हणून परिचारिकेला अडवू नये. केव्हा व किती वळवायचे हे डॉक्टर व परिचारिका ठरवितात. त्यांनी वळवायला घेतले की सहकार्य करावे. पूर्ण कुशीवर वळविण्याऐवजी सुमारे ३० अंश कलते ठेवणे पुष्कळदा पुरते. रुग्णाला वर सरकविताना ओढू नये, चादरीसह उचलावे. पिंढरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील असे पाहावे. मधोमध भोक असलेली वर्तुळाकार उशी किंवा रबरी कडे वापरू नये, कारण कडेच्या दाबाने मधल्या भागाचे रक्त अधिकच अडते. लाल झालेल्या जागी चोळू नये, खाली दुखावलेली पेशी चोळण्याने अधिक फाटते.

लालसर जागा बोटाने हळूच दाबून पाहावी. दाब काढल्यावर ती क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त अजून वाहते आहे. लालीत काहीच फरक पडला नाही तर ती इजेची पहिली पायरी समजून ताबडतोब सांगावे. सावळ्या वा काळ्या त्वचेवर ही लाली अनेकदा दिसतच नाही, ही बाब आपण भारतीयांनी विशेष ध्यानात ठेवावी. तेथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा पिलपिलीत लागते का, तेथे दुखते का, रंग जांभळट वा अधिक काळपट झाला आहे का, हे पाहावे.

आहाराबाबत घरगुती सल्ले बाजूला ठेवावेत. जखम टाळण्यास व भरण्यास प्रथिने लागतात हे खरे, परंतु नव्या मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या रुग्णाला ती किती द्यावीत हे आहारतज्ज्ञानेच ठरवावे. झाडपाल्याचे लेप किंवा काढे प्रत्यारोपणाच्या रुग्णाला परस्पर देऊ नयेत. त्याच्या औषधांशी त्यांचा झगडा होऊन नवा अवयवच धोक्यात येऊ शकतो.

आणि हे सारे केवळ प्रत्यारोपणासाठी नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अर्धांगवायूने, हाड मोडल्याने किंवा वार्धक्याने अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. त्यांच्यासाठी ना संगणकाचे सूत्र आहे ना अतिदक्षता विभाग. तेथे भाकीत करणारा कोण? रोज अंग पुसणारी सून, रात्री पाणी द्यायला उठणारा मुलगा, आठवड्यातून एकदा येणारा शेजारी. ब्रेडनबाईंचे ते सहा मुद्दे घरातील कोणीही लक्षात ठेवू शकतो : कळ जाणवते का, अंथरूण कोरडे आहे का, उठणे-बसणे होते का, कूस बदलता येते का, पोटभर जेवण जाते का, अंग घसरते का? यांतील दोन-तीन प्रश्नांची उत्तरे वाईट आली की त्या दिवसापासून वळविण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावावे.

आपण आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा त्याचा चेहरा पाहतो, प्रकृती विचारतो, प्रार्थना करतो, फळे ठेवतो आणि निघतो. चादरीखालची टाच कोणी पाहत नाही. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय हाती घेतले. दरवर्षी पवित्र गुरुवारी आपण तो विधी भक्तिभावाने पाहतो. ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाच्या दिवशी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केलेला जागतिक रुग्ण दिन आपण पाळतो. या दोन्ही दिवसांचा अर्थ आपल्याला घरातल्या खाटेपाशी कळला पाहिजे. भेटीला गेल्यावर घरच्यांची परवानगी घेऊन एकदा विचारावे, ‘यांना आज कितीदा वळविले? मी थोडा हात देऊ का?’ त्या एका प्रश्नाने थकलेल्या सुनेला आधार मिळेल आणि कदाचित एक जखम कायमची न झालेली राहील.

दयाळू प्रभू आपल्या सर्व रुग्णांचे, अवयवदात्यांचे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या हातांचे रक्षण करो.

– संपादक